माती-पाण्यातल्या तेलगळतीवर फील्ड रिसर्च करायचाय? आधी नमुने मोजा, मग पैसे मागा

दरवर्षी संशोधन निधीचे कॉल (अर्ज मागवणाऱ्या जाहिराती) निघाले की आमच्या कोल्हापूर भागातल्या कॉलेजांतले दोन-चार तरुण प्राध्यापक आणि पीएचडीची पोरं प्रपोजल घेऊन येतात, सर जरा बघा म्हणून. विषय चांगला असतो, तळमळ पण खरी असते, शिरोलीच्या गॅरेजमागची काळी माती, हायवेच्या कडेचे पंप, टँकर उलटलेली जागा, बोअरच्या पाण्याला येणारा रॉकेलसारखा वास. पण बजेटचं पान उघडलं की पहिल्या ओळीला जीसी-एमएस (नमुन्यातले रासायनिक घटक ओळखून मोजणारं) मशीन, आणि एकूण किती नमुने घेणार हा आकडा अख्ख्या प्रपोजलमध्ये कुठंच नाही. माझं स्वतःचं पहिलं प्रपोजल पण याच कारणानं परत आलं होतं आणि त्यात एक पूर्ण सीझन गेला, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. क्रम बदलू नका, बहुतेक चुका क्रम बदलल्यामुळंच होतात.

टप्पा १ : एक प्रश्न, एक जागा

"कोल्हापूर जिल्ह्यातील तेल प्रदूषणाचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ते नुसतं शीर्षक आहे. प्रश्न असा पाहिजे: या गॅरेज पट्ट्याच्या खालच्या बाजूच्या विहिरींत पेट्रोल-डिझेलचे घटक पोचलेत का, पोचले असतील तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर किती फरक पडतो. एवढाच. असा प्रश्न घेतला की किती विहिरी, कोणते घटक, कधी जायचं हे आपोआप ठरायला लागतं.

आपल्याकडं जमिनीचा विचार केल्याशिवाय प्रश्न मांडूच नका. नदीकाठाला काळी जमीन आहे, मे महिन्यात तिला हात हात भेगा पडतात आणि सांडलेलं तेल त्या भेगांतनं सरळ खाली जातं. खाली मुरूम, त्याच्या खाली बेसाल्टचा कातळ, आणि कातळात पाणी फटीफटींतनं चालतं. म्हणजे पंपाशेजारच्या बोअरला काहीच सापडत नाही आणि लांबच्या बोअरला सापडतं असं होऊ शकतं. वाळूच्या जमिनीवरचं मॉडेल उचलून इथं चिकटवलं तर प्रपोजल तपासणारा भूजलाचा तज्ज्ञ, म्हणजे रिव्ह्यूअर, पहिल्या पानावरच ओळखतो.

आणि एक स्पष्ट सांगतो. "गॅरेजच्या मातीतून तेल खाणारे बॅक्टेरिया वेगळे करणे" यावर आता प्रपोजल लिहू नका, निदान तेवढ्यावरच तरी नको. असे अर्ज ढिगानं येतात आणि टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर (तेल खाणाऱ्या बॅक्टेरियांचं मिश्रण) तर कितीतरी वर्षं प्रत्यक्ष वापरात आहे. बॅक्टेरिया घ्यायचेच असतील तर आपल्या जमिनीत, आपल्या भूजलात आपोआप किती विघटन होतंय हे मोजा, त्याला किंमत आहे.

चेक: तुमचा प्रश्न शेतकऱ्याला मराठीत दोन वाक्यांत सांगता येतो का? येत नसेल तर पुढं जाऊ नका.

टप्पा २ : पैसे न मागता पायलट

पायलट म्हणजे मुख्य कामाआधीची छोटी चाचणी. हा टप्पा सगळे गाळतात. तीन-चार विहिरी, एक उन्हाळा, खिशातनं किंवा डिपार्टमेंटच्या कंटिंजन्सीतनं (किरकोळ खर्चाच्या पैशातनं) होईल एवढाच खर्च. पायलटचा एक तक्ता प्रपोजलमध्ये असला की "हे लोक जागेवर जाऊन आलेत" हे दिसतं, आणि दहा पानांच्या इंट्रोडक्शननं ते होत नाही.

पायलटमध्ये काय बघायचं? पाण्याची पातळी टेपनं मोजा, विहिरीचा वापर काय, कधीपासून वास येतो, जवळ जुन्या टाक्या होत्या का हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाण्यावर तवंग दिसला की लगेच तेल म्हणू नका. लोह असलेल्या पाण्यावर पण बॅक्टेरियाचा चमकता तवंग येतो. काडीनं मोडून बघा, काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहाचा, आणि परत जुळून आला तर तेलाची शंका घ्या. ही नुसती पहिली चाळणी झाली, पुरावा लॅबचाच.

सावधान: विहिरीत वाकून वास घेणं, आत उतरणं, आणि पाण्याला पेट येतो का म्हणून काडी ओढून बघणं, यातलं काहीही करायचं नाही आणि सोबतच्या पोरांना करू द्यायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती विहिरीत साठून राहते. पेट्रोलमधल्या बेंझीननं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये लोकांच्या बोअरमधनं इंधन मिसळलेलं पाणी आलं होतं, तेव्हा हे काही पुस्तकातलं भय नाही.

टप्पा ३ : नमुन्यांचं गणित

सगळं बजेट इथनं निघतं, म्हणून इथं वेळ घाला.

समजा १२ विहिरी-बोअर, वर्षातनं २ फेऱ्या (मे आणि ऑक्टोबर), २ वर्षं. १२ × २ × २ म्हणजे ४८ नमुने. बहुतेक जण इथंच थांबतात आणि ४८ चं कोटेशन घेतात. पण एका फेरीला २ दिवस लागतात, म्हणजे एकूण ८ फील्ड दिवस, आणि दर दिवशी एक ट्रिप ब्लँक, एक फील्ड ब्लँक (जागेवर उघडून भरलेली शुद्ध पाण्याची बाटली), एक डुप्लिकेट (त्याच विहिरीचा दुसरा नमुना) धरली तर २४ बाटल्या वाढल्या. ४८ चे झाले ७२. ट्रिप ब्लँक म्हणजे लॅबमधनं भरून आणलेली शुद्ध पाण्याची बाटली जी पेटीतच राहते आणि न उघडता परत जाते. गाडीतल्या डिझेलच्या वासानं तुमचे नमुने खराब झाले नाहीत हे सांगणारा तेवढा एकच साक्षीदार असतो, त्याच्यावर पैसे वाचवू नका.

माती: ६ जागा, प्रत्येक जागी ३ वेगवेगळ्या खोलीचे नमुने, २ फेऱ्या म्हणजे ३६, अधिक ४ डुप्लिकेट, झाले ४०.

या १२ विहिरींपैकी निदान दोन-तीन वरच्या बाजूच्या, म्हणजे जिथं गळतीचा संबंध नाही अशा पाहिजेत. आता वरची बाजू कुठली हे कसं कळणार? बहुतेक ठिकाणी भूजल पंचगंगेच्या किंवा जवळच्या ओढ्याच्या दिशेनं जातं असं आपण धरून चालतो, पण रिव्ह्यूअरला ते चालत नाही. निदान तीन विहिरींची पाण्याची पातळी आणि विहिरीच्या काठाची अचूक उंची पाहिजे. मोबाईलच्या जीपीएसची उंची काही मीटरनं चुकते आणि इथं आपल्याला सेंटीमीटर पाहिजेत. त्यामुळं ऑटो लेव्हल किंवा डीजीपीएसचा (उंची अचूक मोजणाऱ्या उपकरणांचा) एक दिवसाचा सर्व्हे बजेटमध्ये घाला. हा खर्च मी बघितलेल्या बहुतेक प्रपोजलमध्ये विसरलेला असतो.

उघड्या विहिरीचं अजून एक आहे. बेंझीन-टोल्युइनसारखे घटक उडून जातात, त्यामुळं रुंद तोंडाच्या विहिरीत ते कमी दिसतात आणि आपण "प्रदूषण नाही" म्हणून मोकळे होतो. त्या घटकांसाठी बोअर निवडा. उघड्या विहिरीत डिझेल-ऑइलचे जड घटक बघा. दोन्ही प्रकारच्या विहिरी एकाच तक्त्यात घालून सरासरी काढली तर त्या सरासरीला काही अर्थ राहत नाही.

टप्पा ४ : लॅबशी आधी बोला, मशीन मागू नका

शिवाजी विद्यापीठात सैफ हे विश्लेषण उपकरणांचं सुविधा केंद्र आहे, तिथं आधी जाऊन विचारा, त्यांच्या जीसी-एमएसवर पाण्यातले उडणारे घटक करता येतील का, हेडस्पेस किंवा पर्ज अँड ट्रॅप (पाण्यातले उडणारे घटक काढून मशीनला देणारी जोडणी) जोडलंय का, तुमच्या कामासाठी लागणारी सगळ्यात कमी मोजता येणारी पातळी किती. जमत नसेल तर पुण्या-मुंबईच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबचं कोटेशन घ्या. मान्यता लॅबला आहे म्हणून खुश होऊ नका, तुमच्या त्या विशिष्ट टेस्टला आहे का ते त्यांच्या स्कोपच्या कागदावर बघा.

पातळीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. लॅब त्याच्या वरचंच मोजू शकत असेल तर "आढळले नाही" या रिझल्टला काही अर्थ नाही. आपल्या आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मिनरल ऑइल लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, तेही तक्त्यात द्या.

आता कोल्हापुरातली खास अडचण. साधी "ऑइल अँड ग्रीस" टेस्ट केली तर तिच्यात डेअरीच्या सांडपाण्यातलं तूप-लोणी पण मोजलं जातं, कारण ती टेस्ट सॉल्व्हंटमध्ये विरघळणारं सगळंच धरते. सिलिका जेलनं साफ करून मग पेट्रोलियम हायड्रोकार्बन मोजायला सांगा. तसंच शिरोली, गोकुळ शिरगावकडं फाउंड्रीच्या (धातू ओतकामाच्या) वापरलेल्या वाळूत रेझिनचं फिनॉल असू शकतं. नुसत्या फिनॉलवरनं तेलाचा निष्कर्ष काढला की फाउंड्री माहीत असलेला कुणीही तो खोडून काढेल.

बाटल्या:
- बेंझीन वर्गातल्या घटकांना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, टेफ्लॉनच्या सेप्टमचं झाकण, वर हवेचा एकही बुडबुडा नको. आम्लानं पीएच २ च्या खाली, ४ अंशाला बर्फात, १४ दिवसांच्या आत टेस्ट.
- जड हायड्रोकार्बनला गडद रंगाच्या काचेच्या १ लिटरच्या बाटल्या.
- प्लास्टिकची पाण्याची बाटली कशालाच नाही. आमच्या एका फेरीत एका पोरानं बाटल्या कमी पडल्या म्हणून प्लास्टिक वापरलं आणि ते सगळे नमुने बाद करावे लागले, दोष त्याचा नव्हता, जादा बाटल्या मी बजेटमध्ये धरल्याच नव्हत्या. २० टक्के जादा धरा.

आणि शुक्रवारी नमुने घेऊ नका. शनिवार-रविवार पेटी कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडून राहते आणि बर्फ वितळतो. सोमवार-मंगळवार फील्ड, त्याच रात्री पेटी रवाना.

चेक: लॅबचं लेखी कोटेशन, टेस्टची पद्धत, सगळ्यात कमी मोजता येणारी पातळी आणि रिझल्टला लागणारे दिवस, चारही कागदावर आले का?

टप्पा ५ : परवानग्या, बजेटच्या आधी

लोक हे पैसे आल्यावर करायला जातात आणि मग विहीरमालक नाही म्हणतो. प्रत्येक मालकाचं मराठीत साधं संमतीपत्र घ्या, त्यात तीन गोष्टी स्पष्ट पाहिजेत: पाणी कशासाठी नेतोय, रिझल्ट त्यांना मिळणार का, आणि त्यांचं नाव-गट नंबर छापणार का. माझं मत, रिझल्ट मिळालाच पाहिजे आणि नाव कुठंही छापायचं नाही. लोकांना भीती असते की विहीर खराब म्हटली की जमिनीची किंमत पडेल, आणि ती भीती खोटी नाही.

ग्रामपंचायतीला पत्र द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांना भेटा, त्यांच्या निरीक्षण विहिरींची जुनी पातळी मिळाली तर पायलटला जोड मिळते. एमआयडीसीत काम असेल तर तिथलं पत्र वेगळं.

सावधान: पेट्रोल पंपाच्या आवारात ऑगर (माती काढायचं गिरमिट) लावायचा, भोक मारायचं, असा विचार सुद्धा नको. ती पेट्रोलियम कायद्याखालची परवान्याची जागा आहे, जमिनीखाली टाक्या आणि पाइप आहेत. कंपाउंडच्या बाहेरच्या आधीपासूनच्या विहिरी वापरा. आणि वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणं धोकादायक कचऱ्यात येतं, तेव्हा तेलकट माती आणि उपसलेलं पाणी परत ओढ्यात ओतायचं नाही, त्याच्या विल्हेवाटीचा खर्च पण लिहा.

टप्पा ६ : पैसे कुठं मागायचे

पायलट वाढवायला विद्यापीठाच्या आणि कॉलेजच्या स्वतःच्या छोट्या योजना बऱ्या. पीएचडीला असाल तर सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत, पण त्यातनं तुमचं पोट भागतं, ७२ बाटल्यांच्या टेस्ट भागत नाहीत, हे आधीच गाईडशी बोलून घ्या.

मोठ्या कामाला राज्याचा राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोग आहे आणि केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. पूर्वीचं सर्ब (संशोधनाला निधी देणारं केंद्राचं मंडळ) आता त्याच्यातच विलीन झालंय, जुन्या पीडीएफमधला फॉरमॅट वापरून अर्ज भरू नका. तरुण प्राध्यापकांना पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे. वयाची अट, नोकरी कायम आहे का, संस्था पात्र आहे का, हे चालू कॉलमधनं स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

सीएसआरचं (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचं) जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं कारखाने भरपूर आहेत आणि सगळ्यांना वाटतं तिथनं सहज मिळेल. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू व्हायला कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी लागतं, म्हणजे उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपला ते लागू नाही. सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी त्या कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये आहे, तिच्यात पर्यावरण आहे आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांतलं संशोधन पण आहे. सामाजिक संस्थेमार्फत जात असाल तर तिचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. पण ज्या कंपनीच्या गळतीची शंका आहे तिच्याच सीएसआरमधनं तिच्याच गळतीचा अभ्यास करू नका, ती त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे, समाजसेवा नाही.

मग प्रदूषण करणाऱ्याचे पैसे कधीच घ्यायचे नाहीत का? घेता येतात, पण करार पक्का पाहिजे. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीजवळ १९७९ मध्ये कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली, आणि त्या जागेवर आजही संशोधन चालू आहे, त्यात पाइपलाइन कंपनी, राज्याची प्रदूषण यंत्रणा, काउंटी आणि तिथलं भूगर्भ सर्वेक्षण खातं लेखी कराराखाली एकत्र आहेत. आपल्याला तशा करारात एक वाक्य हवंच: रिझल्ट काहीही आला तरी तो छापायचा हक्क संशोधकाचा. ते वाक्य काढायला सांगितलं तर पैसे सोडा.

टप्पा ७ : आता बजेट

आता टप्पा ३ चा कागद समोर घ्या. ७२ पाणी, ४० माती, गुणिले कोटेशनचा दर, अधिक जीएसटी, अधिक कुरिअर. ही ओळ बजेटमधल्या सगळ्यात मोठ्या ओळींपैकी एक असायला पाहिजे. ती छोटी आणि मशीनची मोठी असेल तर परत मागं जा.

मनुष्यबळ: जेआरएफचा (ज्युनिअर रिसर्च फेलोचा) दर महिना ३७,००० आहे (२०२३ पासूनचा), म्हणजे दोन वर्षांचे ८,८८,००० आणि वर घरभाडं. कोल्हापूर घरभाड्याच्या वर्गवारीत वाय वर्गात येतं, टक्का त्या वेळच्या आदेशाप्रमाणं लावा. घरभाडं विसरलं की ते नंतर कंटिंजन्सीतनं जातं आणि फील्डला गाडी मिळत नाही.

प्रवासात "लोकल ट्रॅव्हल" एवढंच लिहू नका. ८ फील्ड दिवस, भाड्याची गाडी, रोजचा दर, आणि पायलटमध्ये नसलेल्या विहिरी शोधायचे ४ दिवस वेगळे. उपकरणांत पातळी मोजायचा टेप, बेलर (पाण्याचा नमुना वर काढायची नळी), पीएच-ईसी (आम्लता आणि विद्युतवाहकता) मीटर, विरघळलेल्या ऑक्सिजनचं मीटर, बर्फाच्या पेट्या. पाण्यावर तरंगणाऱ्या इंधनाचा थर मोजायचा असेल तर इंटरफेस प्रोब, नाहीतर नको. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून थर वर राहतो आणि पातळीबरोबर खालीवर होताना मातीला माखत जातो, हे समजावून त्या प्रोबचं कारण लिहिलंत तर कुणी कापत नाही. हातमोजे, गॅस डिटेक्टर, प्रथमोपचार पेटी, हे सगळं सेफ्टी म्हणून वेगळ्या ओळीत.

चेक: प्रत्येक ओळीपुढं "का" आणि "किती" आहे का? "केमिकल्स आणि ग्लासवेअर, ३ लाख" अशी ओळ म्हणजे कापायला दिलेलं आमंत्रण.

टप्पा ८ : वेळापत्रक पावसाला धरून

कॅलेंडरच्या तारखा लिहू नका, मंजुरीनंतरचा महिना १, महिना २ असं लिहा, आणि पैसे ऑक्टोबरला आले तर पहिली फेरी कुठली, एप्रिलला आले तर कुठली, असे दोन पर्याय द्या. मंजुरी कधी येईल हे आपल्या हातात नसतं आणि मे हुकला की थेट पुढचा मे. शिरोळ-हातकणंगले भागात ऊस उभा असताना विहिरीपर्यंत पोचता येत नाही, मातीचे नमुने तोड झाल्यावरच. जुलै-ऑगस्टमध्ये फेरी ठेवू नका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. पण महापुरानंतर गॅरेजमधलं ऑइल शेतात पसरतं, म्हणून पूर आला तर एक जादा फेरी, एवढे नमुने राखीव धरा आणि कारण लिहा.

टप्पा ९ : अर्ज आणि उपयोगाचा परिच्छेद

"समाजाला उपयोग होईल" असं नका लिहू. केंद्रानं २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणलेत, त्यात आधी संशयित जागा ठरवणं, मग प्रदूषण मंडळाची तपासणी असा क्रम आहे. तुमचा डेटा त्या पहिल्या पायरीला कसा उपयोगी पडेल ते चार ओळींत लिहा.

संस्थेचं एन्डॉर्समेंट लेटर (अर्जाला संस्थेची संमती असल्याचं पत्र) शेवटच्या दिवशी मिळत नाही. प्राचार्य बाहेरगावी, क्लार्क रजेवर, पोर्टल बंद, हे सगळं एकाच दिवशी होतं. दहा दिवस आधी सही घ्या. आणि रसायनशास्त्राचा एक, भूशास्त्राचा एक, असे दोघं तरी टीममध्ये पाहिजेत, नावापुरते नाही, कोण कुठल्या दिवशी फील्डला येणार हे लिहिलेलं.

टप्पा १० : मंजुरीनंतर

पहिल्याच महिन्यात जेआरएफची जाहिरात आणि जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरची खरेदी सुरू करा, या दोन्हींनाच सगळ्यात जास्त वेळ जातो. मशीनपेक्षा बाटल्या आधी. ३१ मार्चला हिशोब बंद होतो, जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो आणि मे महिन्याची फेरी जाते. लॅबची बिलं फेब्रुवारीतच मागून घ्या. बजेटच्या एका हेडचे पैसे दुसऱ्या हेडला लेखी परवानगीशिवाय वापरू नका.

रिझल्ट आले की अंतिम रिपोर्टची वाट बघू नका. प्रत्येक विहीरमालकाला मराठीत एक पान: काय तपासलं, किती आलं, मर्यादा किती, हे पाणी प्यायला वापरू नका असं असेल तर ते सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. मर्यादेच्या वर आलेल्या विहिरीचा डुप्लिकेट आणि ब्लँक आधी तपासा, शंका असेल तर परत नमुना घ्या, पण तोवर प्यायचं थांबवायला तोंडी सांगून या. पान स्वतः नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर टाकू नका, पोचीवर तारीख आणि सही घ्या आणि ती प्रत संमतीपत्राच्या मागं लावून ठेवा.